गुरुवारचे गाणे

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅकॉर्डियन आहे. माझ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या फटींत जे तपकिरी डाग दिसतात, ते कॉफीचे आहेत असे लोकांना वाटते. ते रक्ताचे आहेत. कोणाचे आणि कसे, ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

माझा जन्म इटलीतल्या एका टेकडीवरच्या कारखान्यात झाला. तिथे मला कोणी गोंजारले नाही. पोलादाच्या पात्या कापल्या, कानशीने घासल्या, हातोडीने ठोकून खिळवल्या आणि उकळत्या मेणाने लाकडात बसवल्या. अशा चारशे अठ्ठेचाळीस पात्या माझ्या पोटात आहेत. वरच्या सुरांसाठी दोन-दोन पात्यांच्या जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीत एक पाती दुसरीपेक्षा किंचित चढी ठेवलेली होती. दोन्ही एकदम वाजल्या की सूर सरळ उभा राहत नाही. सेकंदाला तीन-चार वेळा थरथरतो. गळा दाटून आलेला माणूस बोलतो ना, तसा. ती थरथर कारागिराने मुद्दाम ठेवली होती. तिच्यामुळेच पुढचे सगळे घडले.

सर्बियातल्या एका गावाहून तिहोमिर नावाचे गृहस्थ आले आणि मला ब्लँकेटात गुंडाळून आगगाडीने घरी घेऊन गेले. मोराव्हा नदीकाठच्या त्यांच्या गावात संगीतशाळा होती आणि तिथे अ‍ॅकॉर्डियनचा वर्ग नुकताच सुरू झाला होता. तिहोमिर त्या वर्गाचे प्रोफेसर. पियानो आणि व्हायोलिनवाल्यांना हा वर्ग मुळीच पसंत नव्हता. पहिल्याच दिवशी संचालिका वुकोसावाबाई चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "प्रोफेसर, पियानोवाल्यांना मी कधी विचारत नाही की शनिवारी तुम्ही कुठल्या लग्नाच्या मांडवात वाजवता. तुम्हाला मात्र विचारावं लागतं."

"मी मांडवात वाजवत नाही," तिहोमिर म्हणाले.

"बरं आहे. पण या पेटीला दारूच्या गुत्त्याचा वास येतो. सूर बघा कसा लटपटतोय."

त्याच आठवड्यात तिहोमिरांनी मला कारागिराकडे नेले. माझ्या पात्या कानशीने घासून घासून एकमेकींशी जुळवल्या गेल्या. थरथर गेली आणि सूर कोरडा झाला. जीभ तासून घेतल्यावर माणसाला कसे वाटत असेल, याची मला तेव्हा कल्पना आली. पुढची बारा वर्षे मी शाळेत चर्चच्या ऑर्गनसाठी लिहिलेल्या फ्यूग वाजवल्या. फ्यूग म्हणजे एक सूर पुढे पळतो आणि दुसरा त्याच्या मागे लागतो, अशी रचना. माझी खूप वाहवा झाली. "पेटी आहे, पण सभ्य आहे," असे वुकोसावाबाईसुद्धा म्हणाल्या.

आणि दर गुरुवारी मी असभ्य होत असे.

गुरुवारी दुपारी तिहोमिरांची पत्नी द्रागिन्या मुरंब्याच्या कारखान्यात पाळीवर असे आणि मुलगी स्तामेना शाळेत. मग तिहोमिर खिडकीची झडप लावत, दाराला कडी घालत, ओला टॉवेल दाराखालच्या फटीत खोचत आणि मला छातीशी घेऊन एकच गाणे तीनदा वाजवत. 'परक्याचे बूट' हे त्याचे नाव. एक ट्रक ड्रायव्हर आठवड्याने घरी येतो, उंबऱ्यावर दुसऱ्याच कुणाचे बूट पाहतो आणि दार न वाजवता परत ट्रकमध्ये जाऊन बसतो. एवढीच गोष्ट. 'बूट माझ्याहून दोन नंबर मोठे, आई गं' ही त्यातली सगळ्यांच्या तोंडी असलेली ओळ. ते गाणे प्रत्येक ट्रकमध्ये आणि प्रत्येक खानावळीत वाजायचे. संगीतशाळेत त्याला 'कचरा' म्हणत आणि तिहोमिर सगळ्यांहून मोठ्याने म्हणत. गुरुवारी मात्र वाजवता वाजवता त्यांचा श्वास माझ्या पाठीवर अडखळे. मग ते स्पिरिटने माझ्या पट्ट्या पुसत, जणू त्या उद्या कोणापुढे साक्ष देणार होत्या, आणि चूळ भरावी तशी एक फ्यूग वाजवून मला माझ्या खोक्यात ठेवत.

संध्याकाळी स्तामेनाचा सराव असे. ती चौदा वर्षांची होती आणि तिला बेलग्रेडच्या मोठ्या संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा द्यायची होती. चुकली की बोटांच्या सांध्यांवर लाकडी फूटपट्टी बसे. गुरुवारी ती जास्त जोरात आणि जास्त वेळा बसे. हा माझा नुसता अंदाज नाही. मी तीन वर्षे मोजले आहे.

एका गुरुवारी स्तामेना ताप आला म्हणून शाळेतून लवकर घरी आली. दाराला आतून कडी होती. ती पायरीवर बसून राहिली आणि तिने तिन्ही वेळा ते गाणे ऐकले. त्याबद्दल ती कोणाशी बोलली नाही. पुढच्या सोमवारी घरात कोणी नाही असे पाहून तिने मला अंगावर घेतले आणि कानाने शिकलेले 'परक्याचे बूट' वाजवायला सुरुवात केली. दार उघडेच होते.

तिहोमिर जिना चढून आत आले.

"हे कुठे ऐकलंस?"

"सगळीकडेच वाजतं."

"माझ्या घरात वाजत नाही." फूटपट्टी उजव्या हातावर बसली. तिने वाजवणे थांबवले नाही. दुसऱ्या फटक्याला करंगळीचे कातडे फुटले, तरी थांबवले नाही.

"गुरुवारी वाजतं, बाबा," ती म्हणाली. "कडी लावून. दाराखाली टॉवेल खोचून."

मग तिहोमिरांनी मला तिच्या अंगावरून ओढले आणि जिन्यावरून खाली फेकले. माझा एक पट्टा तिच्या कोपरात अडकलेला होता. आम्ही दोघे मिळून नऊ पायऱ्या खाली गेलो. मी पाचव्या पायरीवर फुटलो. तिचे मनगट सर्वांत खालच्या पायरीवर मुरगळले.

द्रागिन्या कामावरून आली तेव्हा स्तामेना हात मिठाच्या पाण्यात बुडवून बसली होती. द्रागिन्याने तो हात पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिले. "तिहोमिर, तुझी अब्रू सांभाळायला मी मुलीचे हात जन्माला घातले नाहीत," एवढेच म्हणून तिने चूल पेटवली. त्या रात्री कोणी जेवले नाही. झोपायच्या आधी स्तामेना आईला जे म्हणाली, ते मी कोपऱ्यातून ऐकले. "परीक्षा देईन. तुझ्यासाठी देईन. पण नंतर या पेटीला कधी हात लावणार नाही."

मित्रांनो, अ‍ॅकॉर्डियनला न वाजवणे म्हणजे त्याला हळूहळू मारणे. भाता ओल धरतो, मेण तडकते, पात्यांवर गंज चढतो. त्या मुलीच्या खांद्यावर मी वाढलो होतो असे म्हटले तरी चालेल. माझे पुढचे सगळे आयुष्य तिच्या त्या एका वाक्यावर लटकले होते.

दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याने मला टेबलावर उघडे केले आणि शीळ घातली. "जिना चालत उतरला वाटतं हा?"

"पडला," तिहोमिर म्हणाले.

"आपोआप पडणाऱ्या वस्तू माझ्याकडे फार येतात, प्रोफेसर. मुलीच्या हाताला पट्टी बघितली काल. तोही आपोआप पडला का?"

माझ्या पात्यांच्या कितीतरी जोड्या धक्क्याने सुरातून ढळल्या होत्या. म्हाताऱ्याने भाता ओढून पाहिला आणि बारा वर्षांनी माझा सूर थरथरला. "हे परत कोरडं करू ना?"

तिहोमिरांनी आधी दाराकडे पाहिले. दुकानात तिसरे कोणी नव्हते. "राहू दे," ते हळूच म्हणाले. "थोडं राहू दे."

स्तामेनाचे मनगट जूनपर्यंत बरे झाले. सोमवारी परीक्षा होती आणि त्याआधीच्या शनिवारी नदीपलीकडच्या गावात द्रागिन्याचा भाऊ मिलिसाव याच्या मुलीचे लग्न. तिथूनच पुढे बेलग्रेडला जायचे म्हणून मला गाडीच्या मागच्या भागात ठेवले होते. सकाळी नवरदेवाने रीतीप्रमाणे काठीच्या टोकावरचे सफरचंद बंदुकीने पाडले. त्याच्या मित्रांनी पाडायचे काहीच उरले नसताना आणखी चाळीसेक गोळ्या आभाळात झाडल्या. दुपारपर्यंत मांडवात दोनशे माणसे, आठ भाजलेली डुकरे आणि मोजता येणार नाही इतकी राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, होती.

तिहोमिर ताठ बसले होते. मिलिसावने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "दाजी, दात उपटून घ्यायला आल्यासारखा काय बसलायस? घे की!"

"मी बरा आहे."

"बरा असशील. दिसत नाहीस."

मांडवात तोमिचा नावाचा वादक अ‍ॅकॉर्डियन वाजवत होता. नवरदेवाच्या काकांना सैनिकांचे एक जुने गाणे हवे होते आणि नवरीच्या मामेभावाला 'परक्याचे बूट'. दोघेही 'मी आधी सांगितलं' म्हणत होते. आमच्याकडे यावरून माणसे मेली आहेत. काकांनी मामेभावाच्या डोक्यावर बाटली फोडली, त्याचे भुवईपासून कानापर्यंत कातडे उघडले. बाक उलटले. एका बाईच्या अंगावर कोबीचे अख्खे गरम मडके सांडले. कोणीतरी डुकराचे मांस कापायची सुरी उचलली. ती तोमिचासाठी नव्हती, पण त्याच्या अ‍ॅकॉर्डियनचा भाता या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला आणि पाते त्याच्या मांडीत घुसले. मोटारीच्या काचेतून मी माझ्या भावंडाचा शेवटचा श्वास ऐकला. लांब, बेसूर उसासा होता तो.

संगीत बंद पडले. माणसे आता हाती लागेल ते उचलू लागली होती. मिलिसाव धावत तिहोमिरांकडे आला. त्याच्या सदऱ्याची एक बाही गायब होती.

"दाजी, तुझी पेटी गाडीत आहे ना? आण! संगीत नसेल तर हे एकमेकांना आता इथेच पुरतील!"

"ती अशा कामाची नाही."

"माझ्या पोरीचं लग्न आहे रे! काहीही वाजव!"

तिहोमिर मला घेऊन टेबलावर चढले आणि त्यांनी फ्यूग वाजवली. मारामारी खरेच क्षणभर थांबली, कारण लोकांना आश्चर्य वाटले. मग मागून कोणीतरी ओरडले, "प्रोफेसर, मेलं कोण?" हशा झाला. एक हाड माझ्या जाळीवर येऊन आदळले, दुसरे तिहोमिरांच्या कपाळावर. ते वाजवत राहिले. एक सूर पुढे पळत होता, दुसरा मागे लागला होता, आणि खाली पुन्हा बाक मोडू लागले होते.

स्तामेना टेबलावर चढली. "इकडे दे."

"स्तामेना, नाही."

"मग तू वाजव ते. तुला येतं." हे ती इतक्या हळू म्हणाली की फक्त आम्हा दोघांना ऐकू आले. तिहोमिरांनी पट्टे सोडले.

तिने पहिला सूर ओढला आणि माझ्या सगळ्या पात्या थरथरल्या. रक्ताने चेहरा माखलेला मामेभाऊ जिथे होता तिथेच उभा राहिला. दुसऱ्या ओळीला त्याने गायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला ज्या काकांनी त्याची भुवई फाडली होती, ते त्याच्या गळ्यात पडले आणि रडू लागले. दोनशे माणसे त्या ट्रक ड्रायव्हरच्या उंबऱ्यावर उभी होती.

मित्रांनो, तिहोमिर मला वाजवत तेव्हा मी त्यांच्या छातीवर, पाठ त्यांच्याकडे करून असे. इतक्या गुरुवारांत मी त्यांचा चेहरा एकदाही पाहिला नव्हता. तो त्या दिवशी पाहिला. ते टेबलावरून उतरून माझ्यासमोर उभे होते, हातात वाइनचा पातळ ग्लास होता, डोळे मिटलेले होते आणि तोंड लहान मुलासारखे उघडे होते. इतका सुखी माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

आमच्याकडची रीत अशी की गाणे काळजाला भिडले की पुरुष ग्लास फोडतो. कोणी भिंतीवर फेकतो, कोणी मुठीत चिरडतो. फावडे आणि स्टिअरिंग धरणारे हात असतात ते. रुमाल गुंडाळला की झाले. तिहोमिर अशांना जनावरे म्हणत. वर्गात रोज सांगत, "हात जपा, वादकाकडे दुसरी इस्टेट नसते." आणि 'दोन नंबर मोठे, आई गं' ही ओळ आली, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची पाचही बोटे ग्लासावर मिटली.

काच फुटल्याचा आवाज गाण्यात बुडाला. ते स्तामेनाकडे दोन पावले आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "थांबू नकोस." तेव्हा ते रक्त माझ्या पट्ट्यांवर उडाले. तिने बोटे उचलली नाहीत. ओळ संपेपर्यंत पट्ट्या निसरड्या का झाल्या हे तिला कळलेच नव्हते. मग द्रागिन्या किंचाळली.

बोटे मिटवणाऱ्या कंडरा तळहातात दोऱ्यांसारख्या असतात. मधल्या बोटाची आणि अनामिकेची कंडरा काचेने कापली होती, आणि एक नसही. सर्जनने दोन तास शिवले. टाके घालता घालता त्यांनी विचारले, "काम काय करता?" तिहोमिरांनी सांगितल्यावर त्यांनी मान खाली घालून पुढचा टाका घातला.

सोमवारी द्रागिन्या स्तामेनाला घेऊन बेलग्रेडला गेली. वाटेत तिने ओल्या कापडाने मला पुसले, पण फटींपर्यंत कापड पोहोचले नाही. परीक्षकांसमोर स्तामेनाने फ्यूग एकही चूक न करता वाजवली. मधल्या परीक्षकांनी मान वाकडी करून विचारले, "तुमचा अ‍ॅकॉर्डियन थरथरतो आहे. शास्त्रीय वादनाला कोरडा लागतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," स्तामेना म्हणाली. "माझ्या बाबांना असाच आवडतो."

तिला प्रवेश मिळाला. यादीत तिचे नाव शेवटचे होते.

घरी आल्यावर तिने मला खोक्यात घातले, दोन्ही कड्या लावल्या आणि कपाटाखाली सरकवले. "तिथे शाळेचा मिळेल," ती आईला म्हणाली. "हा इथेच राहू दे." आपला शब्द तिने पाळला होता. मी तीन आठवडे अंधारात होतो.

जुलैतल्या एका दुपारी कोणीतरी मला ओढून बाहेर काढले. तिहोमिर होते. उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून ते मला डाव्या हाताने फरफटत गॅलरीत घेऊन आले. तिथे द्रागिन्या आणि स्तामेना आंबट चेरीच्या बिया काढत बसल्या होत्या. खाली रस्त्याकडेला शेजारी बुद्धिबळ खेळत होते.

"हा इथे का आणलास?" स्तामेनाने विचारले.

"वाजव."

"काय वाजवू?"

तिहोमिरांनी खाली रस्त्याकडे पाहिले. "परक्याचे बूट."

"ऐकू नाही आलं," असे द्रागिन्या म्हणाली, मान वर न करता.

"परक्याचे बूट!" खालच्या बुद्धिबळवाल्याने हातातला घोडा तसाच धरून वर पाहिले.

"तुला आवडतं ते?" स्तामेना म्हणाली.

"आवडतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून."

"मग मला का मारलंस?"

ते आपल्या हाताकडे पाहत राहिले. "मी कडी लावून जे करायचो, ते तू दार उघडं टाकून करत होतीस. वाटलं, आता सगळ्यांना कळणार." मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी नव्हतं आणि त्याआधी एकदाही नव्हतं."

'असू दे' असे ती म्हणाली नाही. तिने हात पुसले, मला खांद्यावर घेतले आणि वाजवायला सुरुवात केली. दुसरी ओळ संपत आली तेव्हा तिहोमिरांनी डावा हात वर केला.

"तिथे घाई नको. 'दोन नंबर मोठे' म्हणायच्या आधी भाता थांबव."

"का?"

"तो माणूस बूट बघतोय. त्याला बघू दे."

तिने पुन्हा वाजवले आणि त्या जागी भाता थांबवला. ते गाणे माझ्यातून शेकडो वेळा वाजले होते, पण तिथे एवढी शांतता असते हे मला माहीत नव्हते. खाली कोणी सोंगटी हलवली नाही. मग तिने भाता ओढला. तिहोमिरांचे डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. सप्टेंबरमध्ये ती मला बेलग्रेडला घेऊन गेली. त्यांची मधली दोन बोटे आजही मिटत नाहीत.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. घरात एखादे वाद्य असेल तर ते पेटीत कोंडून ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी त्याचा भाता उघडा, त्याला हवा लागू द्या. तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कोणाला एखादे गाणे आवडत असेल, लोक त्याला कितीही हलके म्हणोत, ते दार उघडे ठेवून ऐका. ऐकणाऱ्याला हसू नका. माणूस आपल्या आवडीला लाजला की तिच्यावर वार करून तिला लपवू पाहतो, आणि ते वार जो सर्वांत जवळ बसलेला असतो त्याला लागतात. आणि तसा वार कधी तुमच्या बोटांवर बसला, तर एवढे लक्षात ठेवा की चूक तुमच्या बोटांची नव्हती.